परात घासली का इसळली?

डोळखांबच्या आसपासच्या पाड्यांत कुणाच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं, कुणाची सायकल चिंचेच्या शेंड्यावर लटकलेली सापडली, की लोक शोधाशोध करत नसत. सरळ धाकलूच्या पडवीत येत. धाकलूही कधी नाकबूल करायचा नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, मिशी अर्धी पिकलेली, पण डोळे अजून चौथीच्या वर्गातले.

त्याची सगळ्यात गाजलेली खोडी एक्क्याण्णव सालची. साडूच्या लग्नात बँडवाले मानपानावरून रुसून बसले, वाजवीनात. धाकलूने त्यांना स्वतःच्या हातानं चहा दिला. त्या चहात जमालगोटा होता. तासाभरात क्लॅरिनेटवाला सूर तोंडात धरूनच ओढ्याकडं पळाला आणि ढोलवाला गळ्यात ढोल तसाच ठेवून बसला, असं लोक सांगतात. ढोलाचं धाकलूला विचारलं तर तो म्हणायचा, "ते लोकांनी वाढवून सांगितलं. ढोल त्यानं बाजूला ठेवला होता." त्या दिवसापासून तो साऱ्या शहापूर-मुरबाडचा जमालमामा झाला.

अकरा वर्षांनी, दोन हजार दोनच्या मे महिन्यात, हेच नाव त्याच्या मानगुटीवर बसलं.

झालं असं. धाकलूची मोठी बहीण सुंदरा. तिची एकुलती एक पोर राही टोकावड्याला दिली. लग्न झालं, आणि रविवारी पाचपरतावण ठरलं. म्हणजे नवी जोडी पोरीच्या माहेरी परत येते, तिच्याबरोबर नवऱ्याकडची माणसं येतात, आणि त्यांना कोंबडीचं जेवण घालायचं. कोंबडी मामानं आणायची, ही रीत. गावठी कोंबड्यांनी दीडशे माणसांचं भागत नाही, म्हणून धाकलूने जवळच्या आदेशच्या पोल्ट्रीतून वीस बॉयलर आणले. दुपारी दीडला पंगत बसली. माणसं चाटूनपुसून जेवली आणि संध्याकाळी जीपा भरून टोकावड्याला गेली. राही आणि नवरा प्रणित दोन दिवस राहणार होते.

सोमवारी दुपारी प्रणितच्या पोटात कळ आली. संध्याकाळपर्यंत ताप. इकडं सुंदरानं अंथरूण धरलं, शेजारच्या चार बाया आडव्या झाल्या. आणि मंगळवारी सकाळी राहीचा सासरा जयराम जीप घेऊन दारात उभा राहिला. टोकावड्यात बावीस माणसं हागवणीनं लोळत होती.

जयराम शिडशिडीत, कमी बोलणारा माणूस. त्यानं आधी पोराला उचलून जीपमध्ये बसवलं. मग धाकलूकडं वळला.

"मामा, गोटा किती घातलात?"

"कसला गोटा?"

"तोच तुमचा. बँडवाल्यांचा."

धाकलूला आधी हसू आलं. मग त्यानं जयरामचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं.

"व्याही, माझं ऐका. जमालगोट्यातलं मला विचारा. जमालगोटा काय पावणा हाय, रातभर वस्तीला ऱ्हायला? दीडला जेवलात. जमालगोटा असता तर तुमची जीप किन्हवलीच्या अलीकडंच थांबली असती, आणि सगळे शेतात पांगले असते. हे तर दुसऱ्या दिशी सुरू झालं. आणि जमालगोट्यानं ताप नाय येत."

"मंग कशानं आलं?"

"ते मला म्हाईत नाय."

"एवढे आडवे आणि वाढणारे तुमी ठणठणीत. तुमाला म्हाईत नाय?"

तोवर राही पत्र्याची पेटी घेऊन जीपकडं निघाली होती. जयरामनं हात आडवा केला.

"तू ऱ्हा इथंच. आमचा धाऊबाबा दवाखान्यात हाय. ऐंशीचा म्हातारा, माळकरी. ज्यानं कुणी हे केलंय त्यानं येऊन त्याचे पाय धरायचे. मंग तुला न्यायला येतो."

जीप धुरळा उडवत गेली. राही पेटीवरच बसली. हातातला हिरवा चुडा अजून नवाकोरा होता.

"मामा, खरं सांग. घातलंस?"

"नाय गो."

"देवाची आण?"

"देवाला माझ्या आणा पाठ झाल्यात. तो नाय आता धरत."

एरवी ती हसली असती. ती म्हणाली, "मंग शोध. तुझ्या खोड्या सगळा गाव शोधतो. एकदा दुसऱ्याची खोडी तू शोध."

धाकलूला हे पटलं. खरं सांगायचं तर पटण्याआधीच त्याच्या डोक्यात खाज सुटली होती. एवढ्या माणसांना एका दमात पाडलं, तेही दुसऱ्या दिवशीच्या टायमानं, हे करणारा उस्ताद आहे तरी कोण?

बुधवारी सकाळच्या एसटीनं तो मुरबाडला गेला. टोकावड्याची माणसं ज्या दवाखान्यात येत होती तिथल्या बाकावर जाऊन बसला. दवाखाना डॉक्टर देवकी मॅडमचा. बाकावरच्या बायांनी त्याला बघून पदर नाकाला लावला.

"आला बघ जमाल्या. अजून काय उरलंय रे पोटात आमच्या?"

"मावशी, शिव्या मागनं द्या. आधी सांगा, काय काय खाल्लंत?"

"तूच तर वाढत होतास!"

"वाढलं ते मला म्हाईत. खाल्लं ते तुमाला."

माणूस आजारी असला की त्याला शिव्या देण्यापेक्षाही आपलं पोट कसं बिघडलं ते सांगायला जास्त आवडतं. पाच मिनिटांत बाक बोलायला लागला. एकीनं कोंबडीचे पाच तुकडे खाल्ले होते, तिचं पोट बिघडलं. तिच्या जावेनं आठ खाल्ले, ती घरी धान्य पाखडत बसली होती. एकानं नुसता रस्सा ओरपला, तो ठीक. पोरं तर कोंबडीच्या तंगड्या घेऊनच फिरत होती, पोरांतलं एकही आजारी नाही.

"म्हंजे कोंबडीत काय नाय," धाकलू स्वतःशी म्हणाला.

"कोंबडीत कसं असंल?" मावशी म्हणाली. "धाऊबाबानं तर तिचा वासबी नाय घेतला. त्याला वालाचं बिरडं येगळं केलं होतंत तुमी. सगळ्यांत वाईट त्याचंच झालंय."

धाकलू ताठ बसला. "बिरड्याबरोबर काय घेतलं त्यानं?"

"भात. पापड. आणि काकडीची कोशिंबीर. दात नायत ना, बारीक चोचवलेली म्हणून दोनदा मागून घेतली."

"तुमी घेतली?"

"घेतली की."

"तुमच्या जावेनं?"

"तिला काकडी सोसत नाय."

"पोरांनी?"

"त्यात मिरची होती. पोरं कशाला खातात?"

धाकलूने बाकावरच्या एकेकाला विचारलं. कोशिंबीर? घेतली. कोशिंबीर? घेतली. कोशिंबीर? दोनदा. मग एकीनं विचारलं, "केली कुणी होती रे ती?"

"असंल कोणतरी," धाकलू म्हणाला आणि बाहेर येऊन चहाच्या टपरीवर उभा राहिला. चहा समोर आला, पण तो हातात घेईना.

कोशिंबीर त्यानं केली होती. आणि त्याला काकडीनं ढेकरा येतात, म्हणून त्यानं ती खाल्ली नव्हती.

रविवारची सकाळ त्यानं डोळ्यांसमोर आणली. अंगणात मोठ्या परातीत वीस कोंबड्यांचे तुकडे. ते तोपात गेले. परात रिकामी झाली. सुंदरा चुलीपासून ओरडली, "धाकल्या, नुसता उभा नको ऱ्हाऊ! परात इसळ नि काकडी चोचव!" त्यानं परात इसळली. एक तांब्या पाणी टाकलं, गोल फिरवलं, केळीच्या बुंध्याला ओतलं. मग त्याच परातीत इतकी सुरेख बारीक काकडी चोचवली की सुंदरा म्हणाली, आज सूर्य मावळतीला, तानशाच्या तळ्यातनं उगवला की काय! आयुष्यात त्यानं पहिल्यांदा न कुरकुरता, न खोडी करता काम केलं होतं.

पण एवढ्यानं एवढं? तो परत आत गेला. देवकी मॅडम चष्मा पुसत होत्या.

"मॅडम, समजा एका माणसानं..."

"कोणत्या माणसानं?"

"हाय एक. वळखीचा. त्यानं कच्ची कोंबडी ठेवलेल्या परातीत काकडी कापली. परात इसळून घेतली होती पण."

"कोशिंबीर किती वाजता केली त्या माणसानं?"

"नवाला."

"आणि जेवण दीडला. मे महिन्यात." मॅडमनी चष्मा लावला. "कोंबडीच्या आतड्यात एक जंतू असतो, साल्मोनेला. कोंबडीला त्रास नाही. तोपात शिजला की मरतो. पण काकडीला कोण शिजवतं? चार-साडेचार तास उन्हाळ्याची ऊब मिळाली, शंभराचे लाख झाले असतील."

"आणि ते गोटा खाल्ल्यागत लगेच काम नाय करत?"

"नाही. आधी पोटात वाढतात. बारा तास, चोवीस तास, कधी दोन दिवस."

धाकलूच्या तोंडून, नको तेव्हा, शाबासकीचा चक् असा आवाज निघाला. काय कारागीर म्हणायचा!

"बाकीचे मीठ-साखरेच्या पाण्यावर बरे होतायत," मॅडम म्हणाल्या. "मला कोडं पडलंय ते धाऊबाबांचं. ताप उतरत नाही. जी गोळी चालायला पाहिजे ती चालत नाही. घरच्यांनी आधीच फडताळातल्या उरलेल्या दोन कॅप्सूल चारल्या होत्या म्हणे, त्यांनीही काही नाही. शौचाचा नमुना कल्याणला पाठवलाय. शुक्रवारी कळेल."

धाकलूला ते कोडं आपलंच वाटायला लागलं. परात त्याची, पण औषधाला भीक न घालणारा हा जंतू कुणाच्या घरचा? गुरुवारी तो आदेशच्या पोल्ट्रीवर गेला. आदेश पंचविशीचा पोरगा, तोंडाला फडकं बांधून पाण्याच्या टाकीत पिवळी भुकटी ढवळत होता.

"काय रे, कोंबड्यांना सरबत?"

"औषध हाय, मामा."

"कोण आजारी हाय?"

"कोण नाय. आजारी पडू नये म्हणून. उन्हाळ्यात मरतात ना."

"रोज देतोस?"

"पिलू आल्यापासनं. खाद्याबरोबरच पुड्या येतात. सगळेच देतात. अंगबी चांगलं धरतात."

"कसलं औषध हाय ते?"

आदेशनं खांदे उडवले. "पिवळं."

धाकलूने एक रिकामी पुडी खिशात घातली. शुक्रवारी ती देवकी मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी पुडीवरची बारीक अक्षरं वाचली. मग धाऊबाबांना दिलेल्या गोळ्यांची पट्टी उचलून पुडीजवळ ठेवली. नाव तेच होतं.

"ही कुठं मिळाली?"

"कोंबड्या पितात."

मॅडमनी कल्याणहून आलेला कागद काढला. त्यावर औषधांची नावं आणि प्रत्येकासमोर इंग्रजी अक्षर. आर, आर, आर, आर, आर. अगदी खाली एक एस.

"आर म्हणजे हे औषध या जंतूला चालत नाही. एस म्हणजे चालतं. ते एक इंजेक्शन आहे. आजच सुरू करते."

"पण मॅडम, जंतूला कोण शिकवतं? शाळा हाय का त्यांची?"

"शिकत नाहीत हो. लाखांत एखाद-दुसरा जन्मतःच हट्टी असतो. रोज थोडं थोडं औषध मिळालं की बाकीचे मरतात, हट्टी उरतात, त्यांचीच पिलावळ होते. मग तेच औषध मी माणसाला देते आणि तो जंतू ढिम्म."

धाकलूने रिकामी पुडी बोटांत फिरवली. "माझ्या गावासारखंच हाय हे. पयल्यांदा चहात मीठ घातलं तवा सगळे फसले. रोज घालायला लागलो, आता मांजर पण माझी कपबशी हुंगून जातं."

"फरक एवढाच," मॅडम म्हणाल्या, "तुमचे फसलेले शहाणे झाले. इथं फसलेले मेले आणि न फसणाऱ्यांचा गाव वसला. आणि हे एका पोल्ट्रीचं नाही. उरलेल्या कॅप्सूल फडताळात ठेवणारेही त्यात आले."

शनिवारी धाऊबाबाचा ताप उतरला. रविवारी त्याला घरी सोडलं. आता सगळं सरळ व्हायला हवं होतं. पण तिथंच फाटा फुटला. कुणीतरी दवाखान्यात अर्धवट ऐकून म्हाताऱ्याला सांगितलं, "बाबा, तुझ्या पोटात कोंबडीचे जंतू निघाले." धाऊबाबानं चाळीस वर्षांची तुळशीची माळ काढून खुंटीला टांगली. म्हणाला, माझ्या बिरड्यात कुणीतरी कोंबडीचा रस्सा कालवला, मी बाटलो. आणि पेजसुद्धा तोंडाला लावीना.

जयरामचा निरोप डोळखांबला आला, तो आधीपेक्षा कडक होता. जमालगोटा एकवेळ माफ करू, म्हाताऱ्याची माळ बाटवलेली नाय.

धाकलूला दिसत होतं की आदेशच्या पोल्ट्रीवर बोट दाखवून भागत नाही. कोंबडी माळकऱ्याच्या ताटात गेली कशी, हेच तर सगळे विचारत होते. ते एकट्या धाकलूला माहीत होतं. तो सोमवारी पहाटेच उठला. राहीला म्हणाला, "पेटी भर आणि चल."

टोकावड्यात जयरामच्या अंगणात माणसं जमली. धाऊबाबा खाटेवर बसला होता, गळा मोकळा. धाकलूने वाकून त्याचे पाय धरले.

"बाबा, मी केलं. पण बिरड्यात काय नाय घातलं. मी कोंबडीची परात घासली नाय, नुसती इसळली. तिच्यात तुमची काकडी चोचवली. एवढंच."

कोणीतरी फिसकन हसलं, आणि सगळं अंगण हसायला लागलं.

"काकडीनं? एका तांब्या पाण्याच्या चुकीनं एवढी माणसं? काय मामा, नवीन काढलंत!"

"बघा बघा, तोंड कसं सरळ ठेवलंय!"

जयराम एकटा हसत नव्हता. "मामा, माझ्या दारात तरी चेष्टा नको."

धाकलू हतबल होऊन उभा राहिला. जन्मभर थापा मारल्या, लोकांनी डोळे मिटून गिळल्या. आज पहिल्यांदा खरं सांगतोय, तर लोकांना गुदगुल्या होतायत. त्याच्या मनात आलं, आपणच या लोकांना औषध पाजून पाजून हट्टी केलंय. आता नेहमीची मात्रा चालायची नाही. दुसरं इंजेक्शन पाहिजे.

"राही, परात आण. एक काकडी, इळी नि हळदीचा डबा."

त्यानं मूठभर हळद पाण्यात कालवून परातभर फासली आणि ओतून दिली. मग एक तांब्या पाणी टाकलं, गोल फिरवलं, अंगणाच्या कडेला फेकलं. पाचपरतावणाच्या रविवारी केलं होतं तसंच.

"इसळली. स्वच्छ हाय?"

"हाय की," कोणीतरी म्हणालं.

तो परातीपुढं बसून तिच्यात काकडी चोचवायला लागला. पांढरी काकडी पडत होती आणि पिवळी होत होती. तो ती मुठीनं ढवळत गेला, तशी अजून पिवळी. अंगणातलं हसू हळूहळू विरलं. बाया पुढं सरकल्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी त्या सकाळीसुद्धा कशावर तरी एक तांब्या फिरवला होता.

"हळद दिसते," धाकलू म्हणाला. "जंतू दिसत नाय. एवढाच फरक. राही, आता राख, साबण नि उकळतं पाणी घे, नि घास."

राहीनं पिवळा ढीग बाजूला काढला नि काथ्यानं परात खसाखसा घासली. दुसरी काकडी त्यानं चोचवली. ती पांढरीशुभ्र राहिली.

धाऊबाबा खाटेवरून वाकून दोन्ही ढिगांकडं बघत होता. मग म्हणाला, "म्हंजे मी कोंबडी खाल्ली नाय?"

"नाय बाबा. कोंबडीनं तुमाला खाल्लं."

म्हातारा खोकला. मग कळलं की तो हसतोय. हसता हसता त्यानं खुंटीकडं हात केला. "दे रे जयराम ती माळ. आणि पेज आणा कोणतरी. सहा दिवस या जमाल्यापायी उपाशी हाय मी."

जयरामनं माळ काढून दिली. मग धाकलूकडं बघत म्हणाला, "मामा, कबूल झालात. पण शिक्षा हाय. आजपास्नं दोन्ही घरच्या कार्यात भांडी तुमी घासायची."

"घासायची ना? इसळायची नाय?"

"घासायची!" अंगणभर बाया एकदम ओरडल्या.

त्या दिवशी टोकावड्यात एक नवीन म्हण जन्मली, ती अजून चालते. कुणी कसलंही काम उरकून टाकलं की विचारतात, घासलंस का इसळलंस? आदेश मात्र अजून पिवळी पुडी ढवळतो. धाकलूने त्याला दोनदा समजावलं. तो म्हणतो, "मामा, पुड्या बंद केल्या नि कोंबड्या मेल्या तर?" याचं उत्तर धाकलू देवकी मॅडमला विचारणार आहे, पुढच्या खेपेला मुरबाडला गेला की.

दुपारी जयरामच्या घरी पंगत बसली. राही पदर खोचून सासरच्या चुलीपुढून वाढायला आली. मामाच्या पानात तिनं काकडीची कोशिंबीर वाढली, चांगली दोन पळ्या. सगळे घास थांबवून बघत होते.

"गो, मला काकडीनं ढेकरा येतात."

"येऊंदे. खा."

"परात घासलीस का इसळलीस?"

"घासली. राखेनं, साबणानं, उकळत्या पाण्यानं. खा रे मामा."

धाकलूने मोठा घास घेतला. पहिल्या क्षणी काही नाही. दुसऱ्या क्षणी त्याचे डोळे बाहेर आले, कान तापले, आणि त्यानं तांब्याकडं हात टाकला. तांब्या रिकामा होता. परात राहीनं घासली होती हे खरंच. पण तिच्यात तिनं पंधरा हिरव्या मिरच्या चोचवल्या होत्या, त्यानंच तिला लहानपणी शिकवलं होतं तशा, काकडीत दिसू नयेत इतक्या बारीक.